लुमेन वाढले, पल्ला घटला: टॉर्चचा झोत लांब का जात नाही?

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "पहिल्यापेक्षा चौपट लुमेनचा टॉर्च घेतला, जवळ लख्ख उजेड पडतो, पण लांबचं झाड काही दिसत नाही." किंवा, "जुन्या टॉर्चमधला एलईडी काढून मोठा बसवला, तर झोत आधीपेक्षाही आखूड झाला." सेल बदलून होतात, काच पुसून होते, स्विच उघडून साफ करून होतो, आणि फरक काहीच पडत नाही.

मी स्वतः यातून गेलो आहे. माझ्या एका टॉर्चचा रिफ्लेक्टर गुळगुळीत, तोंडाशी साधारण ४१ मिलिमीटर रुंद. त्यात सुमारे ९०० लुमेन देणारा, वर घुमट नसलेला एका डायचा एलईडी होता (डाय म्हणजे एलईडीतला उजेड देणारा तुकडा, घुमट म्हणजे त्यावरचा पारदर्शक अर्धगोल). तो काढून मी चार डायचा मोठा एलईडी आणि त्याला साजेसा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला किती प्रवाह जाईल ते ठरवणारं सर्किट, बसवला. उजेड तिपटीहून वाढला, हे छताकडे झोत टाकल्याबरोबर न मोजताच कळलं. पण १० मीटरवर लक्समीटर (एखाद्या जागी पडणारा उजेड लक्समध्ये मोजणारं उपकरण) धरला तेव्हा आधी ६४० लक्स दाखवणारा आकडा २५० वर आला होता. म्हणजे पल्ला ५०६ मीटरवरून ३१६ मीटरवर. पुढच्या दोन संध्याकाळी मी सोल्डर, स्प्रिंगा आणि सेल तपासण्यात घालवल्या. त्यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. बसवलेला एलईडीच त्या रिफ्लेक्टरमधून लांब फेकू शकणारा नव्हता, आणि हे आधीच कागदावर पाच मिनिटांत कळलं असतं.

तेव्हापासून अशी तक्रार समोर आली की मी खालच्या क्रमाने जातो. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची वेळ यात बरीच उशिरा येते.

आधी आकडा ठरवा

लुमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांनी मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड. त्यातला किती उजेड झोताच्या मधोमध एकवटला आहे, हे कँडेला सांगतं. पल्ला ठरतो तो कँडेलावर. लुमेनचा आकडा पल्ल्याच्या गणितात थेट येतच नाही.

खोक्यावर छापलेला पल्ला बहुधा एफएल-१ या अमेरिकी मानकानुसार असतो. २००९ साली आलेल्या या मानकात पल्ला म्हणजे असं अंतर, जिथे झोताचा उजेड ०.२५ लक्सवर येतो. निरभ्र रात्री मोकळ्या मैदानात पौर्णिमेचं चांदणं पडतं, साधारण तेवढा हा उजेड. यावरून सोपं गणित निघतं: कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं, की मीटरमध्ये पल्ला मिळतो. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. ४०,००० म्हणजे ४०० मीटर. १,६०,००० म्हणजे ८०० मीटर. पल्ला दुप्पट करायचा तर कँडेला चौपट लागतात.

काही तक्रारी इथेच मिटतात. "४०० मीटर लिहिलंय, पण २०० मीटरपुढे काही ओळखू येत नाही" असं म्हणणाऱ्याचा टॉर्च बिघडलेला नसतो. चांदण्याइतक्या उजेडात समोर काहीतरी आहे हे कळतं, पण ते काय आहे हे कळत नाही. छापील पल्ल्याच्या अर्ध्या अंतरावर मात्र चौपट, म्हणजे १ लक्स उजेड असतो. मी स्वतः कामाचा पल्ला छापील आकड्याच्या निम्मा धरतो, आणि तेवढ्यावर भागत नसेल तरच पुढे जातो.

खोक्यावर फक्त लुमेन असतील आणि कँडेला किंवा मीटर यांपैकी काहीच नसेल, तर त्या टॉर्चच्या पल्ल्याबद्दल तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही असं समजा. मीटर दिले असतील तर उलट्या गणिताने कँडेला काढता येतात: मीटरचं निम्मं करा आणि त्याचा वर्ग घ्या.

लक्समीटर असेल तर मोजणं अवघड नाही. अंधाऱ्या जागेत १० मीटर अंतर मोजून घ्या, झोताचा सर्वांत प्रखर बिंदू सेन्सरवर आणा, आणि आलेल्या लक्सला १०० ने गुणा. ५ मीटरवर मोजलं तर २५ ने गुणा. १ मीटरवर मोजू नका. मोठ्या रिफ्लेक्टरचा झोत तेवढ्या जवळ पुरता जुळलेलाच नसतो, त्यामुळे आकडा खऱ्याहून कमी येतो. लांब फेकणाऱ्या टॉर्चवर या चुकीने हमखास अन्याय होतो. मोबाइलमधल्या सेन्सरचा आकडा खरा मानू नका. पण तोच मोबाइल, तेच अंतर आणि दोन टॉर्च अशी तुलना करायला तो चालतो.

टॉर्च बंद ठेवून करायची तपासणी

ही माझी सर्वांत आवडती तपासणी आहे, कारण तिला काही उपकरण लागत नाही आणि डोळ्यांना धोका नाही.

दिवसा उजेडात, टॉर्च पूर्ण बंद करून, टेबलावर डोळ्यांच्या उंचीला आडवा ठेवा. त्याच्या तोंडाच्या अगदी समोर ५-६ मीटर लांब जा आणि रिफ्लेक्टरकडे बघा. डोकं थोडं इकडेतिकडे, वरखाली हलवत बरोबर मधली रेषा शोधा. नजरेला कठीण जात असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून बघा. एलईडीवरचा फॉस्फर, म्हणजे पांढरा उजेड घडवणारा लेप, पिवळा असतो. मधल्या रेषेवर आलात की अख्खा रिफ्लेक्टर कडेपर्यंत पिवळ्या रंगाने भरलेला दिसला पाहिजे. डोकं हाताच्या पंजाएवढं बाजूला नेलं की तो पिवळा रंग एकदम नाहीसा होतो.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने उलटाही येतो. तुमच्या डोळ्याला रिफ्लेक्टरचा जो भाग पिवळा दिसतो, तोच भाग टॉर्च लावल्यावर तुमच्या दिशेने उजेड फेकणार असतो. जो भाग काळा किंवा करडा दिसतो, तो त्या दिशेला काहीच फेकत नाही. म्हणजे झोताच्या मध्यासाठी तुमचा रिफ्लेक्टर किती राबतो आहे, याचा हा नकाशाच.

रिफ्लेक्टर पूर्ण पिवळा दिसला तर प्रकाशिकी जागेवर आहे. दोष असलाच तर एलईडीच्या निवडीत किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत आहे. कडेला किंवा मध्ये काळी कडी दिसली तर एलईडी रिफ्लेक्टरच्या नाभीत (फोकसमध्ये) नाही, वर किंवा खाली सरकलेला आहे. पिवळा भाग एका बाजूला चंद्रकोरीसारखा दिसला आणि डोकं कुठेही नेलं तरी पूर्ण भरेना, तर एलईडी मध्यापासून बाजूला गेला आहे. आणि चार डायच्या एलईडीत पिवळ्या रंगावर काळपट रेघा दिसतात. त्या डायमधल्या फटींच्या असतात, आणि झोताच्या ऐन मध्यावर त्यांचा फटका बसतो.

पूर्ण पिवळा आहे, तरी पल्ला कमी: एलईडीची निवड

बहुसंख्य तक्रारी इथे येऊन थांबतात, म्हणून इथे जरा बसू.

समजा टॉर्च लावला आहे आणि तुम्ही खूप लांबून गडद काचेतून त्याच्याकडे बघता आहात. तुम्हाला रिफ्लेक्टरएवढी प्रकाशाची एक थाळी दिसेल. त्या थाळीचा प्रत्येक ठिपका जास्तीत जास्त एलईडीच्या पृष्ठभागाइतका तेजस्वी असू शकतो, त्याहून जास्त नाही. कोणताही आरसा किंवा भिंग पृष्ठभागाचं तेज वाढवू शकत नाही. ते फक्त त्या तेजाची थाळी मोठी करून दाखवतात. त्यामुळे कँडेलाचा हिशेब अगदी सरळ होतो: एलईडीच्या दर चौरस मिलिमीटरचं तेज, गुणिले रिफ्लेक्टरच्या तोंडाचं क्षेत्रफळ, आणि त्यातून आरशातली व काचेतली घट वजा. एकूण लुमेन किती, हा प्रश्नच उद्भवत नाही.

दर चौरस मिलिमीटरचं तेज काढायला लुमेनला एलईडीच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळाने भागायचं आणि मग ३.१४ ने भागायचं. १ चौरस मिलिमीटरचा, घुमट नसलेला छोटा एलईडी ६०० लुमेन देत असेल तर त्याचं तेज सुमारे १९१ कँडेला प्रति चौरस मिलिमीटर येतं. ४,००० लुमेन देणाऱ्या मोठ्या एलईडीचा दिसणारा आकार २५ चौरस मिलिमीटर असेल तर तेज येतं सुमारे ५१. दोघांना ५० मिलिमीटरच्या एकाच रिफ्लेक्टरमध्ये बसवा. त्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे १,९६३ चौरस मिलिमीटर. आरशातली घट, काच आणि मधलं भोक यांसाठी ८० टक्के हिशेबात धरा. छोटा एलईडी देतो सुमारे ३,००,००० कँडेला, मोठा देतो सुमारे ८०,०००. पल्ला जवळपास १,१०० मीटर आणि ५६६ मीटर. उजेड साडेसहा पट असूनही पल्ला निम्मा.

मग ते चार हजार लुमेन गेले कुठे? ते रुंद झाले. हॉटस्पॉटची, म्हणजे झोताच्या मधल्या प्रखर ठिपक्याची, रुंदी एलईडीच्या रुंदीवर ठरते; मोठा एलईडी त्याच रिफ्लेक्टरमधून जाडजूड हॉटस्पॉट आणि भरघोस कडेचा उजेड देतो. वाटेवर चालायला, मोठी खोली उजळायला तोच हवा. समोरच्या टेकडीवर काय हललं ते बघायला तो नको.

मात्र मोठा एलईडी म्हणजे आखूड पल्ला, असा सरसकट नियम करू नका. ल्युमिनस कंपनीच्या एसबीटी-९० या एलईडीचा पृष्ठभाग ९ चौरस मिलिमीटर आहे आणि त्यावर घुमट नाही. त्याला भरपूर वीज दिली आणि तो ५,००० लुमेन देत असेल, तर तेज येतं सुमारे १७७, म्हणजे छोट्या एलईडीच्या तोडीस तोड. फरक असा की त्यासाठी २० अँपिअरच्या घरातला प्रवाह, तो देऊ शकणारे सेल आणि ती उष्णता ओढून घेणारं जड धातूचं डोकं लागतं. छोट्या अंगाच्या टॉर्चमध्ये हे बसत नाही.

लांब फेकण्यासाठी लोक ज्यांच्याकडे वळतात ते ओसराम कंपनीचे सपाट, म्हणजे घुमट नसलेले, एलईडी: १ चौरस मिलिमीटरचा केडब्ल्यू सीएसएलएनएम१ आणि २ चौरस मिलिमीटरचा केडब्ल्यू सीयूएलपीएम१. क्री कंपनीच्या एक्सपी-एलचा हाय इंटेन्सिटी नावाचा प्रकारही याच विचाराचा, घुमट नसलेला. एक्सएचपी७०सारखे चार डायचे एलईडी दुसऱ्या टोकाला.

घुमटाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नावात एका अक्षराचा फरक असलेले दोन एलईडी पल्ल्यात खूप वेगळे पडतात ते यामुळे. डायवरचा सिलिकोनचा अर्धगोल उजेड बाहेर काढायला मदत करतो, म्हणून लुमेन वाढतात. पण तो भिंगासारखं कामही करतो: आतला डाय दीडपट रुंद, म्हणजे क्षेत्रफळाने दुपटीहून थोडा मोठा दिसतो. लुमेन थोडे वाढले आणि आकार दुप्पट झाला, म्हणजे तेज घटलं. घुमट काढल्यास काही लुमेन जातात, रंग पिवळसर होतो, पण कँडेला साधारण दीडपट ते दुप्पट होऊ शकतात. काही जण घुमट ब्लेडने कापतात. मी ते करत नाही आणि सुचवतही नाही. डायवरून जाणाऱ्या केसासारख्या तारा त्यात तुटतात, फॉस्फरचा कोपरा निघतो, आणि एलईडी फेकून द्यावा लागतो. मुळात घुमट नसलेला एलईडी मिळत असताना ही जोखीम का घ्यायची?

रंगाचंही थोडं. पांढऱ्याशुभ्र रंगाचा एलईडी त्याच प्रवाहावर उबदार रंगाच्या किंवा उत्तम रंगदर्शन देणाऱ्या एलईडीपेक्षा जास्त लुमेन देतो, म्हणून कागदावर त्याचा पल्ला थोडा जास्त. पण वर्गमूळाचा नियम इथे आपल्या बाजूने असतो: उजेड २० टक्के कमी झाला तर पल्ला फक्त १० टक्क्यांच्या आसपास घटतो. झाडीमध्ये पानं आणि फांद्या वेगळ्या ओळखायच्या असतील तर मी ते १० टक्के आनंदाने सोडतो.

रिफ्लेक्टर की भिंग

रिफ्लेक्टरच्या बाबतीत पहिला प्रश्न रुंदीचा. तोंडाची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट, कँडेला चौपट, पल्ला दुप्पट. २० मिलिमीटरच्या तोंडातून तुम्ही कितीही भारी एलईडी लावून ४० मिलिमीटरच्या तोंडाची बरोबरी करायची म्हटलं, तर एलईडीचं तेज चौपट लागेल, आणि तेवढी मोकळी जागा आजच्या एलईडींमध्ये क्वचितच असते. खिशात मावणारा टॉर्च किलोमीटरभर जात नाही याचं कारण हेच.

खोलीबद्दल मोठा गैरसमज आहे. खोल रिफ्लेक्टर लांब फेकतो असं सर्रास म्हटलं जातं. खोल रिफ्लेक्टर एलईडीचा जास्त उजेड गोळा करतो, त्यामुळे हॉटस्पॉट जाड होतो आणि कडेचा उजेड आवळला जातो. पण मध्यबिंदूची प्रखरता तोंडाच्या रुंदीवरच राहते. तेवढ्याच रुंदीचा उथळ रिफ्लेक्टर बारीक हॉटस्पॉट आणि पसरट कडेचा उजेड देतो, आणि पल्ला जवळपास तेवढाच.

पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तेज नीट पोहोचतं. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर वलयं आणि काळे डाग पुसले जातात, पण थोडं मधलं तेज खर्ची पडतं. चार डायच्या एलईडीला खडबडीत रिफ्लेक्टर शोभतो; पल्ल्यासाठी बांधलेल्या टॉर्चला नाही.

टीआयआर भिंगं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची नरसाळ्यासारखी भिंगं, एलईडीचा जवळजवळ सगळा उजेड पकडतात आणि झोत स्वच्छ देतात. तरी हिशेब तोच: समोरच्या तोंडाचं क्षेत्रफळ. तीन-चार एलईडी आणि प्रत्येकावर छोटं टीआयआर असलेल्या टॉर्चमध्ये सगळ्यांचे कँडेला जमा होतात, पण प्रत्येकाचं तोंड १० मिलिमीटरच्या घरात असलं तर चौघांचं मिळून एका २० मिलिमीटरच्या तोंडाएवढंच क्षेत्रफळ होतं. तिथे हजारो लुमेन असूनही पल्ला आखूड असतो तो यामुळे. टीआयआर बदलताना ते कोणत्या एलईडीसाठी घडवलेलं आहे ते बघाच. घुमटवाल्या एलईडीसाठीच्या भिंगात सपाट एलईडी बसवला तर उंची चुकते आणि मध्ये खड्डा पडतो. समोरचा पृष्ठभाग दाणेदार किंवा धुरकट असेल तर ते भिंग पसरवण्यासाठीच आहे.

पुढेमागे सरकणाऱ्या भिंगाचे झूम टॉर्च थोडे निराळे. झूम पूर्ण बाहेर काढल्यावर भिंतीवर एलईडीचा चौकोन उमटतो. ते एलईडीचं चित्रच असतं. या स्थितीत भिंग एलईडीपासून लांब असल्याने बराचसा उजेड नळीच्या आतल्या भिंतींवर वाया जातो. एकूण उजेड घटतो आणि तरी पल्ला वाढतो, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याला लुमेन आणि कँडेलातला फरक पुन्हा समजावावा लागत नाही. यांची नेहमीची तक्रार म्हणजे चौकोन कधीच रेखीव होत नाही. तसं असेल तर भिंगाची धाव संपते आहे आणि नाभी अजून पुढे किंवा मागे आहे. एलईडीची पट्टी (एलईडी ज्या धातूच्या तुकड्यावर सोल्डर केलेला असतो ती) थोडी वर उचलून किंवा खाली नेऊन ते सुधारतं.

काळी कडी, काळा खड्डा, तिरका झोत

एलईडी बदलल्यावर पल्ला घटला असेल आणि पिवळ्या रंगाच्या तपासणीत रिफ्लेक्टर भरत नसेल, तर दोष उंचीचा. मूळ एलईडी घुमटवाला होता आणि नवा सपाट आहे, किंवा नव्या एलईडीची तांब्याची पट्टी जाडीने वेगळी आहे, एवढंही पुरतं. छोट्या एलईडीत ०.२ मिलिमीटरने चित्र बदलतं, कारण चूक एलईडीच्या स्वतःच्या रुंदीच्या तुलनेत मोजायची असते. ५ मिलिमीटरच्या एलईडीत जी चूक दिसतही नाही, तीच १ मिलिमीटरच्या एलईडीत निम्मा पल्ला खाते.

उपाय हाताचा आहे. एलईडीभोवती बसणारी पांढरी प्लास्टिकची चकती रिफ्लेक्टरची उंचीही ठरवते. रिफ्लेक्टर एलईडीपासून लांब हवा असेल तर चकतीखाली पातळ कॅप्टॉन टेपचे (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचे) थर द्या. जवळ हवा असेल तर चकती बारीक पॉलिश पेपरवर सपाट घासा. एका वेळी एकच थर, मग पुन्हा १० मीटरवर मोजणी. भिंतीवर १ मीटरवरून बघून निर्णय घेऊ नका. तिथे मध्ये काळा खड्डा दिसणं निर्दोष टॉर्चमध्येही होऊ शकतं, लांब गेल्यावर तो भरतो.

चकती काढून टाकून रिफ्लेक्टर थेट पट्टीवर टेकवायचा मोह होतो. तो टाळा. रिफ्लेक्टरचा अॅल्युमिनियमचा खालचा काठ सोल्डरच्या ठिपक्यांना लागला की शॉर्ट होतो, आणि लिथियमच्या सेलशी तो खेळ नको.

झोत तिरका जात असेल तर एलईडी मध्यावर आणायचा. पट्टीचे स्क्रू सैल करून, रिफ्लेक्टर बसवून, मग घट्ट करा; चकतीचं भोक एलईडीपेक्षा मोठं असेल तर त्या एलईडीच्या मापाची चकती घ्या. डोळ्याच्या अंदाजाने मध्य साधत नाही.

पहिल्या मिनिटात लांब, नंतर आखूड

हा वेगळा रोग आहे आणि ओळखायला सोपा. टॉर्च लावताच मोजा आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा बराच घसरला असेल तर ड्रायव्हर उष्णतेमुळे प्रवाह कमी करतो आहे, किंवा सेल दमतो आहे. ताज्या भरलेल्या दुसऱ्या चांगल्या सेलवर तेच झालं तर उष्णता. एलईडीच्या पट्टीखाली थर्मल पेस्ट आहे का, पट्टी अॅल्युमिनियमची आहे की तांब्याची, आणि ती धातूवर सपाट टेकते का, हे बघा. छोट्या एलईडीत सगळी उष्णता एकाच ठिपक्यातून खाली जाते, त्यामुळे थेट तांब्याला जोडलेली पट्टी इथे खरोखर फरक करते.

दुसऱ्या सेलवर बरं वाटलं तर दोष सेलचा. १८६५० आकाराच्या सेलवर ९,९०० एमएएच लिहिलेलं असेल तर तो सेल काढून बाजूला ठेवा. या आकारात चांगले सेल ३,५०० एमएएचच्या आसपास असतात. मळलेले आटे आणि बारीक स्प्रिंगाही प्रवाह अडवतात. आटे स्पिरिटने पुसणं हा सर्वांत सोपा प्रयोग.

पण प्रमाणाचं भान ठेवा. उजेड निम्मा झाला तरी पल्ला ७० टक्के उरतो. पल्ला निम्मा झाला असेल तर कँडेला पाव झाले आहेत. एवढी घसरण सेलमुळे असती तर जवळचा उजेडही उघडच मंद दिसला असता. जवळचा उजेड झकास आणि पल्ला निम्मा, अशी जोडी दिसली की विजेचा नाद सोडा आणि एलईडी व नाभीकडे या.

काचेचंही तसंच. साधी काच सुमारे ९२ टक्के उजेड सोडते, परावर्तन रोखणारा लेप असलेली ९८ टक्क्यांच्या आसपास. पल्ल्यात फरक ३ टक्के. बदलायला हरकत नाही, पण तक्रारीचं उत्तर ते नव्हे. रिफ्लेक्टरवर धूळ बसली असेल तर रबरी फुग्याने फुंका. कापडाने कधीही पुसू नका. त्यावरचा चकाकता थर अतिशय पातळ असतो आणि एका पुसण्यात कायमचे ओरखडे पडतात.

धुक्यात, पावसात किंवा धुळीत मात्र चांगला टॉर्चही आखूड वाटतो. कडेचा उजेड डोळ्यासमोरच्या थेंबांवर आदळून परत येतो आणि पांढरा पडदा उभा राहतो. टॉर्च डोळ्याजवळ न धरता कमरेशी किंवा हात लांब करून धरा. अशा हवेत बारीक झोत आणि कमी कडेचा उजेड असलेला टॉर्च सरस ठरतो.

माझ्या टॉर्चचं काय झालं

चार डायचा एलईडी काढून २ चौरस मिलिमीटरचा सपाट एलईडी बसवला. ड्रायव्हरही बदलावा लागला, आणि ही गोष्ट विसरली तर नवा एलईडी क्षणात जळतो: चार डायचे कितीतरी एलईडी ६ किंवा १२ व्होल्टवर चालतात, छोटे सपाट ३ व्होल्टच्या आसपास. छोट्या एलईडीला प्रवाहाची मर्यादाही असते. १ चौरस मिलिमीटरच्या एलईडीत साधारण ५-६ अँपिअरच्या पुढे उजेड वाढत नाही, नुसती उष्णता वाढते.

पहिल्या मोजणीत १० मीटरवर ७१० लक्स आले, आणि पिवळ्या रंगाच्या तपासणीत कडेला काळी कडी दिसली. चकती घासली, पुन्हा मोजलं, पुन्हा घासली. तिसऱ्या वेळी १,२०० लक्स. म्हणजे १,२०,००० कँडेला, जवळपास ६९० मीटर. लुमेन चार डायच्या एलईडीच्या निम्म्याहूनही कमी. झोत इतका बारीक झाला की पायाखालची वाट दिसायला दुसरा टॉर्च जवळ ठेवावा लागतो, आणि ते मी आधीच धरून चाललो होतो.

आता प्रत्येक टॉर्चच्या सेलच्या नळीत मी कागदाची एक अरुंद पट्टी चिकटवतो: एलईडीचं नाव, चकतीची जाडी, आणि ताज्या सेलवर १० मीटरचे लक्स, ३० सेकंदांनी मोजलेले. पट्टी सेल आणि संपर्काच्या टोकांपासून दूर ठेवायची, एवढं बघा.